शहरातील सार्वजनिक जागा आणि दुबळ्यांचा वावर

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणिसांनी आम्हांस ‘शिक्षणाचे महत्त्व’ या विषयावर दोन शब्द बोलावयास सांगितले होते. या विषयावर आम्ही ३७ वर्षे प्राथमिक शाळेच्या वर्गात बोलत आलो आणि निवृत्तीनंतर याच व्यासपीठावरून तीनदा बोललो. गुणगौरवास आलेली मुले त्या वेळी मागे बसून जांभया देत असतात, हे व्यासपीठावरून फार स्पष्ट दिसते. म्हणून यंदा चिटणिसांची क्षमा मागून आम्ही निराळा विषय घेत आहोत. आम्ही केवळ जुनी मॅट्रिक झालेले शिक्षक, विद्वान नव्हे. जे डोळ्यांनी पाहिले व जे थोडेफार वाचले तेवढेच सांगू.

आमच्या तीर्थरूपांचे दुकान नव्हते, ही गोष्ट येथील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. पुण्यात आमच्या पेठेच्या तोंडाशी एक जुना पिंपळ होता आणि त्यास दगडी पार होता. खोडास खिळा ठोकून आरसा टांगलेला, पुढे पोत्याचा तुकडा अंथरलेला, धोकटीत वस्तरा, कातरी, नराणी आणि पाण्याची पितळी वाटी. एवढ्या भांडवलावर त्यांनी पाच मुलांचा प्रपंच केला. शाळा सुटली की आम्ही पाणी भरून देण्यासाठी तेथे जात असू. त्या पारावर दुपारी हमाल विसावत, भाजीची पाटी रिकामी झालेली म्हातारी पान खाई, एकतारीवर भजन म्हणणारे एक अंध गृहस्थ बसत. एक वेडसर बाई होती; ती कोठून आली हे कोणासही ठाऊक नव्हते, परंतु ती दिवसभरात दिसली नाही तर लोक तिची चौकशी करीत. पार कोणाचा, असा प्रश्न कोणी विचारीत नसे.

हे चित्र रंगवून आम्ही येथेच थांबलो तर ते खोटे ठरेल. त्या पारावर सर्वांस सारखी जागा नव्हती. काही माणसे पारावर न बसता खाली मुळांपाशी उकिडवी बसत आणि तीर्थरूप त्यांची हजामत करीत नसत. लहानपणी आम्हांस हे ऊन-सावलीसारखे स्वाभाविक वाटे. पुढे शिक्षक झाल्यावर समजले की, १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाने अशी सेवा नाकारणे हा आमच्या जन्मापूर्वीच गुन्हा ठरविला होता. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते व सार्वजनिक वावराच्या जागा यांपासून कोणासही धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांवरून दूर ठेवता येणार नाही असे म्हटले आहे. त्यातील ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ अत्यंत व्यापक आहे, जेथे सेवा दिली जाते ती प्रत्येक जागा त्यात येते, असा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४८ साली संविधान सभेत केला होता. आमच्या तीर्थरूपांच्या पोत्याचा तो तुकडाही त्यात येत होता. आपल्या ज्ञातीने १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला, त्याचा अभिमान आपण प्रत्येक मेळाव्यात सांगतो आणि तो सांगावाच. परंतु त्याच वस्तऱ्याने कोणाकोणास नकार दिला, हेही आपल्या इतिहासातच जमा आहे.

वस्तुतः सार्वजनिक जागेचा प्रश्न आपल्या महाराष्ट्रास नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. १९२३ साली रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडून संमत करून घेतला की, सरकारी खर्चाने बांधलेली वा चालविलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने ही स्थळे अस्पृश्यांस मोकळी असावीत. महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून १९२४ साली आपले तळे खुले असल्याचे ठरविले. तरी देखील २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी सहस्रावधी अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा लोकांवर लाठ्या चालल्या आणि तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल येण्यास १९३७ साल उजाडले. तळे कागदोपत्री सर्वांचे होतेच. पाणी ओंजळीत येण्यास मात्र तेरा वर्षे लागली, हे आम्ही वर्गात सांगत असू तेव्हा मुले बोटे मोजून पाहत.

आता कोणी तळ्याकाठी जात विचारीत उभा राहत नाही, असे आपण म्हणू. ते बहुतांशी खरे आहे. पण दूर ठेवण्याची कला मात्र फार सुधारली आहे. आता माणसास बोलावे लागत नाही, वस्तूच बोलतात.

गेल्या दोन वर्षांपासून आमचे गुडघे दुखतात व वैद्यांनी चालणे सांगितले आहे. तेव्हापासून शहराकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. पूर्वी आम्ही घड्याळ पाहून चालत असू, आता बाक पाहून चालतो. बसथांब्यावर पूर्वी लाकडी फळ्यांची बाके असत, तेथे आता अनेक ठिकाणी तिरप्या नळ्या आहेत. त्यांवर टेकता येते, बसता येत नाही. बागेतील बाकांच्या मध्यभागी लोखंडी हात बसविलेले आढळतात. आम्हांस प्रथम वाटले, म्हाताऱ्यांना उठताना आधार हवा म्हणून ही सोय केली असावी, आणि आम्ही मनात त्या अधिकाऱ्यास धन्यवादही दिले. पुढे एका माळ्याने हसून सांगितले की, गुरुजी, तो दांडा कोणी आडवे पडू नये म्हणून आहे. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. लंडनच्या कॅम्डेन भागात २०१२ साली काँक्रीटचा एक उताराचा बाक मुद्दाम असा घडविण्यात आला की, त्यावर कोणास निजता येऊ नये. मुंबईतही २०१८ साली फोर्ट भागातील एका बँकेच्या दारालगतच्या कट्ट्यावर अणकुचीदार खिळे बसविले होते. लोकांनी ओरड केल्यावर ते काढावे लागले.

पदपथाच्या तोंडाशी दुचाकी चढू नये म्हणून खांब रोवतात. दुचाकीवाले कसेबसे त्यातूनही वाट काढतात. अडते ती चाकांची खुर्ची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने सार्वजनिक इमारती व वाहतूक सर्वांस सुगम करण्याचे बंधन घातले आहे, परंतु खांब रोवणाऱ्याच्या हाती तो कायदा कोणी दिलेला दिसत नाही. आमच्या शाळेतील एक जुना विद्यार्थी बालपणीच्या पोलिओमुळे कुबड्यांवर चालतो. घरापासून टपाल कचेरीपर्यंतचा दहा मिनिटांचा रस्ता तो वाहनांच्या मधून, रस्त्याच्या कडेने चालतो. पदपथ असून तो त्याचा नाही. भगिनींच्या बाबतीत तर अधिक बोलणे संकोचाचे आहे, पण बोलले पाहिजे. पुरुषांस मुतारी फुकट आणि स्त्रीकडून पैसे, हा अनुभव येथे बसलेल्या किती भगिनींस आला आहे? आणि पैसे देऊनही कुलूप आढळले, हा किती जणींस? मुंबईत २०११ पासून स्त्रियांच्या संघटनांनी याच प्रश्नावर चळवळ चालविली. दिवसभर रस्त्यावर भाजी विकणारी बाई सकाळपासून पाणीच पीत नाही, हे आमच्या पत्नीने आम्हांस सांगितले. आम्ही त्या बाईकडून वीस वर्षे भाजी घेत होतो आणि आम्हांस ते ठाऊक नव्हते.

आता कायद्याविषयी थोडेसे. मुंबई राज्यात १९५९ साली भिक्षा प्रतिबंधक अधिनियम झाला व पुढे तो दिल्लीसही लागू करण्यात आला. भीक मागणाऱ्यांच्या टोळ्यांचा बंदोबस्त व्हावा, हा हेतू कोणास अमान्य होईल? परंतु त्यातील व्याख्या वाचून आम्ही थक्क झालो. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे वा एखादी वस्तू विकावयास पुढे करणे, या मिषाने दान मागणे तर भीक आहेच; पण उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरणे वा थांबणे की दानावाचून हा जगत नसावा असे वाटावे, हीसुद्धा भीकच. प्रथम सापडल्यास एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत स्थानबद्ध ठेवता येते. आमच्या पारावरील एकतारीवाले गृहस्थ या व्याख्येत बसतात. आमचा गावाकडचा चुलतभाऊ कामाच्या शोधात आला आणि आठ दिवस स्थानकावर निजला, तोही बसतो. २०१८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य म्हणून रद्द केली. २०२१ साली महामारीच्या काळात भिकाऱ्यांस रस्त्यांवरून हटवावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अशी उच्चभ्रू दृष्टी आम्ही घेणार नाही, दारिद्र्य नसते तर कोणी भीक मागितलीच नसती, या आशयाचे उद्गार काढून ती अमान्य केली.

योगायोग असा की, त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड हे सरन्यायाधीश असताना १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांचा प्रसिद्ध खटला त्यांच्यापुढे चालला होता. १९८१ च्या जुलै महिन्यात, ऐन पावसात, पदपथावरील झोपड्या पाडून माणसांस मुंबईबाहेर धाडण्याचा सरकारी बेत झाला आणि त्याविरुद्ध हा खटला उभा राहिला. न्यायालयाने सांगितले की, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत आहे. हे वाक्य पुष्कळ जण उद्धृत करतात. त्याच निकालात हेही सांगितले आहे की, पदपथ चालण्याकरिता आहे व त्यावर कायम घर करण्याचा हक्क कोणासही नाही. मात्र हटविण्यापूर्वी सूचना द्यावी, ऐकून घ्यावे, आणि पावसाळा जाऊ द्यावा. आमचे मते दोन्ही भाग एकत्र वाचावयास हवेत. कारण पदपथ अडला की प्रथम अडखळतो तो दुबळाच. आमचा कुबड्यांवरील विद्यार्थी खांबांमुळे अडतो, तसाच तो फळांच्या गाडीमुळेही अडतो. बागेत दारू पिऊन दंगा करणारे निजू लागले की आपल्या लेकी-सुना त्या वाटेने जात नाहीत, हे आम्ही नाकारीत नाही. तक्रार खरी आहे. तिच्यावरील उपाय मात्र दंगा करणाऱ्यास उठविणे हा आहे, बाक मोडणे हा नव्हे. बाक मोडला की दारुडा दुसरीकडे जातो आणि आमच्यासारखा म्हातारा घरी बसतो.

२०११ च्या जनगणनेत या देशात १७ लक्ष ७० हजारांहून अधिक माणसे बेघर मोजली गेली. त्यांपैकी ९ लक्षांहून अधिक शहरांत होती. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांत शहराच्या दर एक लक्ष वस्तीमागे शंभर माणसांसाठी निवारा असावा असे ठरविण्यात आले. आपल्या वस्तीजवळ असा निवारा कोठे आहे, हे येथील कोणास सांगता येईल काय? आम्हांसही हे भाषण लिहावयास घेईपर्यंत सांगता येत नव्हते.

आपल्या ज्ञातीच्या कामाची एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. पुष्कळांची समजूत अशी की तो भाजीवाल्यांपुरता आहे. तसे नाही. रस्त्यावर, पदपथावर सामान्य जनतेस सेवा देणाराही त्यात पथविक्रेता धरला आहे. म्हणजे आजही झाडाखाली अथवा भिंतीच्या आडोशाला खुर्ची मांडून बसणारे आपले जे बांधव आहेत, ते या कायद्यात येतात. विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणास उठविता येऊ नये, असे त्यात म्हटले आहे. नगर पथविक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशीही तरतूद आहे. आमच्या तीर्थरूपांच्या वेळी यांपैकी काही नव्हते. १९७० नंतर रस्ता रुंद करण्यासाठी पार काढला गेला. पिंपळ काही वर्षे तसाच उभा होता. तीर्थरूप त्याच्याखाली खुर्ची घेऊन बसत. एके दिवशी गाडी आली आणि खुर्ची, आरसा, धोकटी सारे उचलून घेऊन गेली. दंड भरून सामान परत आणले तेव्हा आरसा फुटलेला होता. तीर्थरूप त्यावर एक शब्द बोलले नाहीत. त्या वर्षी आम्ही मॅट्रिकला होतो आणि परीक्षेच्या शुल्काचे पैसे त्या दंडात गेले. ते पुढे कोणी भरले, हे आपल्या संस्थेच्या जुन्या जमाखर्चात सापडेल. आमच्या बांधवांची खुर्ची आज उचलली गेली तर कोठे अर्ज करावयाचा, याची माहिती देणारा एक कार्यकर्ता संस्थेने नेमावा, अशी आमची सूचना आहे. वधूवर सूचक मंडळास तीन कार्यकर्ते आहेत. या कामास एक पुरे.

येथवर आम्ही महापालिकेचे, न्यायालयाचे व लंडनचे दोष सांगितले. ते सांगणे सोपे असते. आता आपल्या घरचे.

आपल्या संस्थेच्या इमारतीस रस्त्याच्या बाजूने ओटा आहे. इमारत बांधताना जागेची चणचण असूनही वडीलधाऱ्यांनी तो हट्टाने ठेवला. कारण, इतिवृत्ताच्या पहिल्या वहीत लिहिल्याप्रमाणे, संस्थेची पहिली बैठक पारावर भरली होती. सभेकरिता आपल्याला कोणी दिवाणखाना दिला नव्हता. या ओट्यावर गेली कित्येक वर्षे रात्री एक वृद्ध हमाल निजत असे. पहाटे उठून तो ओटा झाडी आणि नळावर तोंड धुऊन निघून जाई. दोन वर्षांपूर्वी आणखी काही माणसे येऊ लागली, घाण होऊ लागली, लग्नाच्या पक्षाने तक्रार केली. कार्यकारी मंडळाची सभा झाली आणि ओट्यास लोखंडी जाळी लावून कुलूप घालण्याचा ठराव एकमताने संमत झाला. नळाची तोटीही त्याच ठरावाने आत घेतली गेली. त्या ठरावावर सात सह्या आहेत. चौथी आमची आहे.

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. खर्च किती येईल, एवढाच प्रश्न विचारल्याचे आठवते. जाळी लागली त्या रात्री आम्ही कार्यालयात हिशेब तपासीत बसलो होतो. तो हमाल आपले अंथरूण घेऊन आला, जाळीस हात लावून पाहिला आणि थोडा वेळ उभा राहिला. आम्हांस पाहून त्याने नमस्कार केला. “बंद झालं का, गुरुजी?” एवढेच विचारले. आम्ही “हो, ठराव झाला” असे म्हणालो. तो गेला. पुढे तो कोठे निजू लागला हे आम्हांस माहीत नाही. आम्ही स्थानकावर दोनदा पाहून आलो, परंतु तो भेटला नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला, तेव्हा आम्ही चार वर्षांचे होतो. आम्हांस त्यातील काही आठवत नाही. मातोश्री सांगत की, खोली वाहून गेल्यावर आम्हां भावंडांस घेऊन त्यांनी तीन रात्री एका अपरिचित वाड्याच्या ओट्यावर काढल्या. चौथ्या दिवशी शाळेत जागा मिळाली. त्या वाड्यातील बाईंनी नाव विचारले नाही की ज्ञाती विचारली नाही. रात्री एक कंदील मात्र बाहेर आणून ठेवला. मातोश्री त्या कंदिलाची गोष्ट शेवटपर्यंत सांगत होत्या. या सभागृहातील किती कुटुंबे त्या आठवड्यात अशीच दुसऱ्याच्या ओट्यावर होती, हे ज्येष्ठांनी आपापल्या घरी सांगावे.

घाणीची तक्रार खरी होती हे आम्ही पुन्हा मान्य करतो. त्यावर एक झाडूवाला सकाळ-संध्याकाळ ठेवता येईल व लग्नाच्या दिवशी ओटा मोकळा ठेवण्याची सूचना आदल्या दिवशी देता येईल. नळाची तोटी पुन्हा बाहेर काढण्यास प्लंबरने फारसा खर्च सांगितलेला नाही. तो आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. तळमजल्यावरील स्वच्छतागृह दिवसा समोरच्या मंडईतील विक्रेत्या भगिनींस उघडे ठेवावे. जाळी काढण्याचा ठराव आम्ही चिटणिसांकडे लेखी दिला असून त्यास अनुमोदक मिळालेला नाही. येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत तो सहाव्या क्रमांकावर आहे. मागील वर्षी सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचेतो निम्मे सभासद जेवावयास गेले होते. यंदा जेवण थोडे उशिरा वाढावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.